अंगठ्यासाठी सांगितलेला नियम

आमच्या ठाण्यात चार लोखंडी कपाटं होती. तीन गुन्ह्यांची आणि एक माझं. माझ्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात एक फाइल असायची, तिच्यावर मी लाल शाईनं 'परकीय' असं लिहून ठेवलं होतं. नवीन साहेब बदलून आले की कपाटं तपासताना त्या फाइलपाशी हमखास थांबायचे. "आपल्या हद्दीत परकीय? या कांदा-बटाट्याच्या मुलखात?" मी म्हणायचो, "आहेत साहेब. मोजकेच आहेत, पण आहेत."

माझं काम 'गोपनीय'चं. नाव ऐकायला भारदस्त आहे. बायको माहेरी सांगायची तेव्हा तिकडच्या मंडळींना वाटायचं, जावईबापू दाढीमिशा चिकटवून हिंडतात. प्रत्यक्षात गोपनीयचा हवालदार म्हणजे ठाण्यातला लिहिणारा माणूस. पासपोर्टच्या अर्जाची चौकशी करायची, सभा-मोर्चांचे अहवाल पाठवायचे, नोकरी लागलेल्या पोरांचं चारित्र्य तपासायचं, आणि दुसऱ्या देशाचा माणूस हद्दीत राहायला आला तर त्याची नोंद ठेवायची. मी मोटारसायकलवरून गावात शिरलो की पारावरची माणसं विचारायची, "आज कुणाचा पासपोर्ट, साहेब?" इतकं आमचं काम गोपनीय.

नोकरीची बहुतेक वर्षं जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत गेली. चोर-दरोडेखोर मी फार पकडले नाहीत, त्यामुळे थरारक असं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. जे आहे ते कागदांचं आहे.

जुन्नरला असताना परक्यांशी गाठ पडायची ती लेण्यांमुळे. बाजारपेठेत एका जैन शेठजींचं लॉज होतं, खाली कापडाचं दुकान आणि वर सहा खोल्या. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठजींचं मराठी माझ्यापेक्षा चोख. परदेशी पाहुणा उतरला की लॉजवाल्यानं 'सी फॉर्म' भरून चोवीस तासांत ठाण्यात द्यायचा असतो. एकदा वहीत लेण्यांची चित्रं काढणारा एक गोरा येऊन राहिला. शेठजींनी 'इथून पुढे कुठे जाणार' या रकान्यात लिहिलं होतं, 'अजून त्याचं त्यालाच ठाऊक नाही.' मी म्हटलं, "शेठ, कुठल्यातरी गावाचं नाव टाका हो." शेठजी म्हणाले, "हवालदारसाहेब, सरकारी कागद आहे. खोटं कसं लिहू?" त्यांच्यापुढे माझं काही चाललं नाही.

असे पाहुणे येतात आणि जातात. अवघड असतं ते राहणाऱ्यांचं, आणि त्यातही ज्यांची मुलं इथली पण आई किंवा बाप कागदावर तिकडचा, अशांचं. माझ्याकडे आलेला असा पहिला माणूस म्हणजे डिंगोऱ्याचे अण्णा. तरुणपणी मुंबईला जाऊन बोटीवर खलाशी झाले, फिरत फिरत इंग्लंडात उतरले, तिथे कारखान्यात राबले आणि तिथलंच नागरिकत्व घेऊन बसले. बायको आणि दोन्ही मुलं डिंगोऱ्यातच. म्हातारपणी अण्णा घरी परतले ते इंग्लंडच्या पासपोर्टवर. म्हणजे पोरं भारतीय आणि बाप परकीय. बापाला पोरांजवळ राहायला दर वर्षी अर्ज करून परवानगी घ्यावी लागायची. पहिल्या वर्षी ते माझ्या टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "माजी नाळ त्या वावरात पुरलीया, अन् मी परका?"

"अण्णा, नाळेचा रकाना फॉर्मात नाय," मी म्हणालो.

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुढे दर वर्षी येताना काकड्या घेऊन यायचे. मध्ये एकदा त्यांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी इंग्लंडला जायचं होतं, आणि गेलं तर परत येता येईल का, ही धास्ती होती. मी चौकशी केली. परत येण्याची परवानगी आधीच घेऊन जाता येतं असं कळलं. अर्ज मीच लिहून दिला, तीन आठवड्यांत शिक्का मिळाला, आणि अण्णा जाऊन, नवी नजर घेऊन परत आले. या एका अर्जामुळे नियमातलं हे कलम मला चांगलं माहीत झालं होतं. पुढचं समजायला एवढं ध्यानात ठेवा.

त्यानंतर माझी बदली आंबेगाव तालुक्यात झाली. तिथे महाळुंगे पडवळच्या पलीकडच्या एका वाडीतून एक तरुण ठाण्यात आला. वाडीचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून मला ओळखतात. तरुणाचं नाव दिलीप. आखातात एका हॉटेलच्या धुलाईखान्यात कामाला होता. तिकडे लढाई पेटली तेव्हा सगळे मिळेल त्या वाटेनं पळाले. त्याच हॉटेलात खोल्या झाडणारी एक मुलगी होती, श्रीलंकेची. दिलीप तिला घेऊनच घरी आला.

चौकशीला मी वाडीवर गेलो तेव्हा वाटलं होतं, घरात रडारड असणार, वाडीत कुजबुज असणार. तर विहारासमोर बाया जमलेल्या आणि सगळ्यांत पुढे दिलीपची आई हौसाबाई, नव्या सुनेचं कौतुक सांगत. सुनेला मराठीचा एक शब्द येत नव्हता, पण संध्याकाळी वंदनेला बसली आणि त्रिशरण, पंचशील सगळं घडाघडा म्हणून मोकळी झाली. चाल वेगळी, शब्द तेच. हौसाबाई मला म्हणाल्या, "साहेब, आमच्या मामंजींनी दीक्षा घेतली तवा आमी शिकलो. ही तर आईच्या पोटातनं शिकून आलीया!" वाडीनं तिला तिथल्या तिथे पदरात घेतलं होतं.

तिचं नाव श्रीयानी. लग्नात हौसाबाईंनी ते बदलून सुजाता ठेवलं. सुनेचं नाव बदलायचं ही आमच्या भागातली रीतच आहे. माझ्याही बायकोचं बदललंय, आणि तिचं जुनं नाव मला आठवायला अजून क्षणभर लागतो. पासपोर्टवर आणि माझ्या फाइलमध्ये ती श्रीयानी राहिली. घरात, वाडीत, रेशनच्या दुकानात, सगळीकडे सुजाता.

दीड वर्षानं त्यांना मुलगी झाली, तिचं नाव प्रज्ञा. दिलीप मला एस. टी. स्टँडवर भेटला. मी चहा पीत होतो. तो म्हणाला, "साहेब, पोरीच्या जन्माची नोंद करायचीय. आईचं नाव काय घालू?"

"घरात जी हाक मारता ती घाला, राव," मी म्हणालो.

एवढं बोलायला मला चहाचा घोटसुद्धा थांबवावा लागला नाही. दिलीपनं तसंच सांगितलं आणि नोंद करणाऱ्यानं तसंच लिहिलं. खाकीतल्या माणसानं जाता जाता टाकलेला शब्द लोक घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवतात, हे मला तेव्हा समजायला हवं होतं.

प्रज्ञा चार वर्षांची असताना दिलीपला कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग मंचरचा दवाखाना, मग पुणं. पंधरा दिवसांत तो गेला. मी मातीला गेलो होतो. श्रीयानी एका बाजूला बसली होती आणि तिच्या मांडीवर पोर झोपली होती.

इथे नियम थोडा सांगायला हवा. परक्या माणसाला देशात राहायला कारण लागतं. श्रीयानीचं कारण होतं, भारतीय माणसाची बायको. नवरा गेला, कारण संपलं. कागदावर जेवढी मुदत शिल्लक होती तेवढी संपली की तिनं आपल्या देशात जायचं. एक दुसरं कारण मात्र उरलं होतं. प्रज्ञा इथे जन्मलेली, तिचा बाप भारतीय, म्हणजे ती भारताची नागरिक. तिची आई म्हणून श्रीयानीला राहता येण्यासारखं होतं. चार वर्षांची पोर आपल्या आईला जामीन राहणार होती.

मी तसा अर्ज लिहिला, जन्माचा दाखला जोडला आणि पुण्याला पाठवला. महिन्याभरात फाइल परत आली. मुलीच्या दाखल्यावर आई म्हणून सुजाता नावाची बाई आहे आणि अर्जदार श्रीयानी आहे. या दोघी एकच असल्याचा पुरावा जोडावा. विचारणारा चुकीचं काहीच विचारत नव्हता. सगळे कागद समोर मांडले तर प्रज्ञाची आई ही त्याच वाडीतली कुणी सुजाता होती, आणि श्रीयानी तिच्या घरात राहणारी एक परकी बाई. सुजाता नावाची बाई पृथ्वीच्या पाठीवर नव्हती आणि ती मीच जन्माला घातली होती. मुदत संपायला पाच आठवडे उरले होते.

मी कामाला लागलो. चूक आपली असली की माणूस केवढा कार्यक्षम होतो! बाळंतपण केलेल्या नर्सबाईंची दुसरीकडे बदली झाली होती, त्यांना गाठून जबाब घेतला. लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांचा घेतला. लग्नाचा फोटो आणि पासपोर्टचा फोटो शेजारी शेजारी चिकटवले. राहिलं होतं घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचं प्रतिज्ञापत्र. लग्नात मी हिचं नाव बदललं, श्रीयानी तीच सुजाता, आणि तीच माझ्या नातीची आई, असं हौसाबाईंनी सांगायचं आणि खाली अंगठा उठवायचा. सगळ्यांत सोपा कागद म्हणून तो मी शेवटी ठेवला होता.

मी कागद वाचून दाखवला. हौसाबाई ओट्यावर बसल्या होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्या अंगठा देणार न्हाई."

"का हो?"

"आज कागदावर ती सुजाता हाय. माजी सून हाय. उद्या तुमी लिवणार, ती तिकडची अमकी. मंग ती परकी झाली. परकं मानूस एक दिवस आपल्या मुलखाला जातंच, साहेब. जाताना पोरीला काय हितं ठिवून जाईल? माजा दिलीप गेला. त्याची एवढीच खूण हाय माज्यापाशी."

"अंगठा नाही दिला तर सुजाताला आत्ताच जावं लागेल. एकटीला. पोर इथली, ती इथेच राहील."

"ऱ्हाईल. मी हाय की," हौसाबाई बोलून गेल्या, आणि दुसऱ्याच क्षणी पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. बाई दुष्ट नव्हती. एक मुलगा गेलेल्या बाईच्या मनात जे येईल ते तोंडातून निसटलं, एवढंच. श्रीयानी दारात उभी होती, प्रज्ञा तिच्या कडेवर. तोवर तिला मराठी सगळं समजत होतं.

मी दोन तास बसलो. समजावलं, रागावलो, चहा प्यायलो, परत समजावलं. हौसाबाई हलेनात. मुदत चार दिवसांवर आली होती. शेवटी मी म्हणालो, "हौसाबाई, नीट ऐका. हा कागद झाला की हिला राहायची परवानगी मिळंल. पण ती राहायचीच परवानगी असती. एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की परवानगी खलास, परत यायचं नाव नाय. पोरीला न्यायचं म्हटलं तर तिचा पासपोर्ट लागतो, आणि त्याची चौकशी माझ्याच हातात. आता सांगा, पोटच्या पोरीला टाकून कुठली आई जाईल?"

खरं काय ते मला माहीत होतं. अण्णांचा अर्ज मीच लिहिला होता. पण त्या घटकेला अंगठा मिळण्याशी मतलब होता, आणि नियम सांगण्याच्या आवाजात मी ते इतकं ठणकावून सांगितलं की माझं मलाच खरं वाटलं.

हौसाबाईंनी डोळे पुसले. सुनेकडे बघून विचारलं, "न्हाई ना जायाची?"

"न्हाई आई," श्रीयानी म्हणाली. "मी कुटं जाती?"

हौसाबाईंनी अंगठा दिला. परवानगी आली, एका वर्षाची, आणि पुढे दर वर्षी वाढवून मिळत गेली. ते पत्र आलं त्या दिवशी मी अख्ख्या ठाण्याला भेळ खाऊ घातली. नोकरीत मला दोन-चार बक्षिसं मिळाली, पण एका लेकराची आई जागेवर ठेवली याचा अभिमान मला त्या सगळ्यांपेक्षा जास्त होता. अजूनही आहे, तो मी नाकारत नाही.

दर वर्षी हौसाबाई आणि श्रीयानी ठाण्यात यायच्या. श्रीयानीनं शिलाई मशीन घेतलं होतं, आसपासच्या चार वाड्यांची पोलकी ती शिवायची. बोलायची थेट हौसाबाईंसारखं, लई, व्हतं, न्हाई. एकदा नवे साहेब माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "ते परकीय नागरिक आले का?" मी समोर बसलेल्या श्रीयानीकडे हात केला. साहेब म्हणाले, "चेष्टा करता का? ही तर माझ्या मावशीसारखी बोलते." त्यावर सगळ्यांत जास्त हौसाबाई हसल्या.

नागरिकत्वाचा अर्ज कर, ही दर वर्षीची कटकट मिटेल, असं मी तिला सुचवलं होतं. त्यासाठी जुना पासपोर्ट सोडावा लागतो म्हटल्यावर तिनं मान हलवली. "आई हाय तिकडं," म्हणाली, "ती हाय तवर ऱ्हाऊ द्या." माझ्या ओट्यावरच्या बोलण्याचा तेव्हा मला काटा रुतला. जायचं नाही हे ठरलेलं असूनही तिनं जाण्याचा कागद जपून ठेवला होता.

खरं सांगून टाकायला मला कुणी अडवलं नव्हतं. शेजारी हौसाबाई असायच्या हे कारण मी बरीच वर्षं वापरलं. मग वाटायचं, आता इतक्या वर्षांनी काय सांगायचं. मग वाटायचं, तिला जायचं असेल तर ती विचारेलच. चांगलं काम केलेल्या माणसाला त्यातली खोट उकरून काढायची इच्छा नसते, हे त्यातलं खरं कारण.

प्रज्ञा नववीत होती ते वर्ष. हौसाबाईंचे गुडघे धरले होते म्हणून श्रीयानी एकटीच आली. पांढरी साडी नेसून आली होती. मी फॉर्म काढता काढता विचारलं, "काय, विहारात कार्यक्रम आहे वाटतं आज?"

"न्हाई साहेब. माजी आई गेली. मागच्या म्हयन्यात."

माझं पेन हातातच राहिलं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "अचानक गेल्या का?"

"न्हाई. चार म्हयने अंथरुणाला व्हती. शेजारच्यांच्या घरी फोन हाय, बूथवरनं मी दर रविवारी करायची. ती इचारायची, कवा येतीस." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "सरकारी नियम हाय, म्हणून सांगितलं मी तिला."

समोर खुर्चीवर बसलेल्या त्या बाईकडे मला बघवेना. त्या दिवशीही गप्प बसता आलं असतं. तिला कधीच कळलं नसतं. पण तिनं आपल्या मरत्या आईला माझं खोटं सांगितलं होतं, आणि ते मनात ठेवून मला जेवण गेलं नसतं. मी सांगून टाकलं. जाता आलं असतं. परत यायची परवानगी आधी घेऊन जाता येतं. मला तेव्हाही माहीत होतं. हौसाबाईंचा अंगठा मिळावा म्हणून मी तो नियम ओट्यावर बसून बनवला.

बाहेर आमच्या वायरलेसवाल्याचं नेहमीचं बडबडणं चालू होतं. मला वाटलं, ती आरडाओरडा करेल, आणि तिनं केला असता तर मला बरं वाटलं असतं.

"त्या अर्जाला किती दिस लागत्यात, साहेब?" तिनं विचारलं.

"तीन आठवडे. फार तर महिना."

तिनं मान हलवली. मनातल्या मनात ती चार महिन्यांतून एक महिना वजा करत होती, ते मला दिसत होतं. मी म्हणालो, "मला माफ करा बाई." असं मी खाकीत असताना कुणालाच कधी म्हटलं नव्हतं.

ती म्हणाली, "ह्ये आमच्या आईंना सांगू नका. त्यांनी अंगठा दिलेला हाय. त्यांच्या जिवाला लागंल."

मी सांगणार नाही म्हणालो. हौसाबाई आता नाहीत, म्हणून आज लिहितोय. तेव्हा खरं सांगितलं असतं तर हौसाबाईंनी अंगठा दिला असता का? मला वाटतं, नसता दिला, आणि प्रज्ञा आईवाचून वाढली असती. एका पोरीला आई मिळवून देताना मी दुसरीची हिरावून घेतली, आणि त्यातली दुसरी माझ्यासमोर बसून सहीची वाट बघत होती.

फॉर्म अर्धा भरून झाला होता. 'मागील वर्षात भारताबाहेर केलेला प्रवास' एवढा रकाना राहिला होता. सरकारी कागदावर काहीच नसेल तिथे 'निरंक' लिहितात. इतकी वर्षं तिच्या फॉर्मात तो शब्द मी न विचारता लिहीत आलो होतो. त्या दिवशी माझा हात उचलेना.

"ल्ह्या की साहेब," श्रीयानी म्हणाली. "माजी यष्टी जाईल."

मी 'निरंक' लिहिलं आणि फॉर्म तिच्यापुढे सरकवला.